मागणी छत्तीस लाखांची, फ्लॅट कितीचा? सांगलीतल्या घराची किंमत स्वतः काढताना

सांगलीत जुना फ्लॅट विकायला निघाला की त्याच्या चार किमती तयार होतात. एक मालकाच्या मनातली. दुसरी सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातली, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. तिसरी बँकेने पाठवलेल्या मूल्यांकनकाराची. आणि चौथी गिऱ्हाईक खिशाकडे बघून काढतं ती. चारींचं एकमेकींशी जमत नाही म्हणून त्यातली एखादी खोटी ठरते असं नाही. आपल्याला किती मिळावेत, ते मालक सांगतो. मुद्रांक शुल्क निदान कितीवर घ्यायचं, ते सरकार ठरवतं. हप्ते थकले तर हा फ्लॅट विकून किती वसूल होतील, ते बँक बघते. घेणाऱ्याला मात्र वेगळंच शोधायचं असतं: असाच दुसरा फ्लॅट आज, याच भागात, कितीला मिळेल?

हे शोधायला एजंट लागतोच असं नाही. कागद, पेन आणि थोडा चिवटपणा पुरतो. उदाहरणाला एक फ्लॅट धरू. आकडे कल्पित आहेत, हिशेबाची रीत खरी. गावभागाजवळची वीस वर्षांची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, टू बीएचके. जाहिरातीत '९०० स्क्वेअर फूट', मागणी ३६ लाख. म्हणजे फुटाला ४,००० रुपये.

इथेच पहिली मेख आहे. हे ९०० फूट म्हणजे 'सेलेबल', त्यात जिन्याचा, भिंतींचा, गच्चीचा वाटा बिल्डरने त्या काळी आपल्या मर्जीने मिळवलेला. टेप घेऊन आत मोजलं तर कार्पेट भरतं ६५० फूट. म्हणजे खरा भाव फुटाला सुमारे ५,५४० रुपये. आता शेजारच्या गल्लीतला दुसरा फ्लॅट बघा: ९१० सेलेबल, मागणी ३८ लाख. सेलेबलवर तो महाग दिसतो, फुटाला ४,१७६. पण त्याचं कार्पेट ७२० असेल तर तोच ५,२७८ ला पडतो, म्हणजे आपल्या फ्लॅटपेक्षा स्वस्त. रेरा हा गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारा कायदा २०१७ पासून पूर्ण लागू झाल्यावर नव्या नोंदणीकृत प्रकल्पांत कार्पेट सांगणं बंधनकारक झालं. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. जुन्या फ्लॅटच्या बाजारात मात्र अजूनही सेलेबलचंच चलन आहे. त्यामुळे दोन फ्लॅटची तुलना करायची तर आधी दोन्ही स्वतः मोजायचे. एजंटाला ते आवडणार नाही. तरी मोजायचे.

दुसरं काम म्हणजे शेजारपाजारी खरोखर कितीला व्यवहार झाले ते काढणं. वेबसाइटवर जे दिसतात ते मागणीचे आकडे, आणि मागणी कुणीही कितीही करू शकतो. झालेल्या व्यवहाराचा माग इंडेक्स टूमध्ये, म्हणजे सूची क्रमांक दोनमध्ये लागतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मिळकतीचा शोध घेता येतो. या उताऱ्यात दोन रकाने महत्त्वाचे: 'मोबदला' म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत, आणि 'बाजारभाव' म्हणजे सरकारी तक्त्याप्रमाणे निघालेली. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे, किंवा मोबदला म्हणजे बाजारभावच पुढच्या पूर्ण आकड्यावर नेल्यासारखा दिसला, तर त्या दस्तावर फार विसंबू नका. पैसे चेकने किती आणि रोखीने किती हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो, आणि रोखीचा भाग इंडेक्स टूमध्ये उमटत नाही. सख्ख्या भावांतला, नवरा-बायकोतला किंवा अडचणीत घाईने झालेला व्यवहारही बाजूला ठेवायचा.

समजा तीन व्यवहार सापडले. एक घरातल्या घरातला, तो सोडला. दुसरा याच इमारतीतला, पहिला मजला, तेवढंच कार्पेट, झाकलेलं पार्किंग, ३३.५ लाख. आपला फ्लॅट एक जिना वर आणि लिफ्ट नाही, त्यासाठी एक लाख उतरवा. पार्किंग नाही, त्याचे दीड लाख. राहिले ३१. तिसरा समोरच्या इमारतीतला: कार्पेट ७००, लिफ्ट आहे, इमारत दहा वर्षांनी नवी, ३९ लाख. फुटाला ५,५७१ पडले. आपल्या ६५० फुटांना लावले तर ३६.२ लाख. नवेपणाचे तीन आणि लिफ्टचे दोन लाख वजा केले की ३१.२. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि जवळजवळ एकाच आकड्यावर पोचलो, म्हणून त्या आकड्यावर थोडा भरवसा ठेवता येतो. एकाने २७ आणि दुसऱ्याने ३५ दाखवले असते, तर सरासरी काढून मोकळं व्हायचं नसतं. काहीतरी निसटलंय असं समजायचं आणि पुन्हा चौकशी करायची.

पार्किंगला दीड लाख आणि लिफ्टला दोन लाख हे आकडे आणायचे कुठून? इथे शास्त्र कमी आणि विचारपूस जास्त. त्याच इमारतीत पार्किंगसह आणि पार्किंगशिवाय विकलेल्या फ्लॅटमधला फरक मिळाला तर उत्तम. नाहीतर दोन-तीन एजंटांना वेगवेगळं विचारायचं. वय झालेल्या आई-वडिलांसह राहणाऱ्याला दुसऱ्या मजल्याच्या चाळीस पायऱ्या दोन लाखांपेक्षा कितीतरी महाग पडतील. पण ती त्याची किंमत झाली. बाजाराची वेगळी.

आता फ्लॅट उभा चिरून बघू. फ्लॅट म्हणजे दोन वस्तू एकत्र: एक बांधकाम, जे दर वर्षी झिजतं; आणि एक जमिनीचा वाटा, जो झिजत नाही. समजा इमारतीचा प्लॉट दहा गुंठ्यांचा, म्हणजे १०,८९० चौरस फूट, आणि वर सारखे सोळा फ्लॅट. एकाच्या वाट्याला ६८० फूट जमीन आली. आसपास रिकाम्या प्लॉटचा भाव फुटाला २,५०० असेल तर जमीन झाली १७ लाखांची. बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, ८०० फूट; आज नव्याने बांधायला फुटाला २,००० लागले तर १६ लाख. आरसीसी इमारतीचं आयुष्य साठ वर्षं धरलं तर वीस वर्षांत एक तृतीयांश गेलं, उरले १०.६७ लाख. बेरीज २७.७ लाख.

हा आकडा ३१ पेक्षा कमी आला, आणि ते साहजिक आहे. तयार घराला बिल्डरचा नफा, परवान्यांचा खर्च आणि आयतं राहायला मिळण्याची सोय यांची किंमत लागतेच. पण दोन्हींतलं अंतर फार मोठं असेल, तर आपण विटांचे पैसे देतोय की पत्त्याचे, हे कळतं. जसजशी इमारत जुनी होते तसतसा भार जमिनीवर सरकतो. चाळीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट घेणारा खरं तर पुनर्विकासाच्या आशेवर जमीनच घेत असतो. म्हणून कागदोपत्री तो वाटा तुमचा आहे का, हे आधी बघा. आपल्या भागात पुष्कळ इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. त्यांच्या घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. सोसायटी असेल तर बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली का, ते विचारा. दिली नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरशिवाय सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घेण्याची वाट आहे, पण ती वाट चालायला वेळ लागतो आणि तो वेळ किमतीतून कापून घ्यावा.

भाड्यावरून किंमत काढण्याची रीत मी थोडक्यात सांगतो, कारण सांगलीत ती एकटी फारशी उपयोगाची नाही. हा फ्लॅट महिना ९,००० ला जाईल असं धरा. वर्षाचे १,०८,०००. त्यातून मेंटेनन्स १२,०००, घरपट्टी ७,०००, मध्ये एक महिना रिकामा राहिला त्याचे ९,००० वजा केले की हातात राहतात ८०,०००. छत्तीस लाखांवर हे सव्वादोन टक्क्यांनाही थोडे कमी. बँकेतली मुदत ठेव याच्या दुपटीहून जास्त देते. म्हणजे उरलेला परतावा भाव वाढण्यातून येईल अशी घेणाऱ्याची अपेक्षा आहे. भाव वाढणार की नाही, हे मात्र फ्लॅटच्या आत ठरत नाही.

ते आसपासच्या भागावर ठरतं, आणि खरी गुंतागुंत तिथे आहे. फरशी, किचन ओटा, मॉड्युलर कपाटं यांची किंमत निदान बिलावर दिसते. शांत गल्ली, चांगली शाळा, तुंबणारं गटार यांचं बिल कुणी फाडत नाही, तरी त्यांचे पैसे घराच्या किमतीत मिसळलेले असतातच. ते वेगळे काढण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न डेव्हिड हॅरिसन आणि डॅनियल रुबिनफेल्ड या अमेरिकी अभ्यासकांनी १९७८ साली केला. बॉस्टन परिसरातल्या ५०६ विभागांची माहिती त्यांनी घेतली: घरांची किंमत, खोल्या, गुन्हे, शाळेत एका शिक्षकामागे मुलं किती, नोकरीच्या ठिकाणापासूनचं अंतर आणि हवेतलं प्रदूषण. बाकी सगळं सारखं धरलं तर हवा थोडी स्वच्छ असण्यासाठी लोक घराच्या किमतीतून किती जास्त मोजतात, हे त्यांनी गणिताने काढलं. हवा विकत मिळत नाही, पण तिची किंमत घराच्या दस्तात दडलेली सापडते.

सांगलीत हवेच्या जागी पाणी घाला.

१९२९ साली झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५, २०१९ आणि २०२१ या तीनही महापुरांत पाणी ५० च्या पुढे गेलं. २०१९ मध्ये ते ५७ फुटांपर्यंत चढलं. पुलाच्या खालच्या अंगाला हरिपूरजवळ वारणा येऊन मिळते, त्यामुळे दोन्ही नद्या एकदम भरल्या की कृष्णेला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि शहरात पाणी तुंबतं. जुन्या सांगलीकराला हे सांगावं लागत नाही. त्याला आपल्या गल्लीचा आकडा पाठ असतो: आयर्विनला इतके फूट झाले की आमच्या कोपऱ्यावर, इतके झाले की दारात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना सामान हलवायला सगळ्यांत आधी लागतं. मिरजेच्या दिशेने, विश्रामबागेकडे जमीन चढत जाते.

म्हणून भाग कोणता हे विचारून झालं की पुढचा प्रश्न आयर्विनचा: इथे किती फुटाला पाणी येतं? मालकाला विचारू नका. तळमजल्यावरच्या दुकानदाराला, समोरच्या किराणावाल्याला, शक्य तर भाडेकरूला विचारा. भिंतीवर २०१९ ची रेघ अजून दिसते का बघा. नव्याने दिलेला रंग बरोबर कंबरेपर्यंतच असेल तर तीही माहितीच आहे.

आकडा कळला की त्याचे रुपये करता येतात. आपल्या गल्लीत ५० फुटाला पाणी येतं असं समजा. गेल्या वीस-एकवीस वर्षांत तीन वेळा ती वेळ आली, म्हणजे ढोबळमानाने सात वर्षांतून एकदा. आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत, घरात पाणी शिरणार नाही. पण मीटर बोर्ड, पाण्याची मोटर, खाली लावलेल्या गाड्या, भरून गेलेली टाकी आणि वीज-पाण्याशिवाय राहता येत नाही म्हणून पै-पाहुण्यांकडे काढलेले दिवस हे सगळं वाट्याला येतंच. एका पुरामागे आपल्या फ्लॅटला ६०,००० धरले तर वर्षाला साधारण ८,५०० पडले. मघाशी भाड्याचे ८०,००० उरले होते, त्यातले हे गेले. ज्या सव्वादोन टक्क्यांच्या हिशेबाने ८०,००० चे ३६ लाख झाले, त्याच हिशेबाने ८,५०० चे होतात जवळपास ३ लाख ८० हजार. पाण्याची किंमत ही.

लगेच ती ३१ मधून वजा करू नका, कारण बरेच जण इथेच चुकतात. आपण तुलनेला घेतलेले दोन्ही फ्लॅट त्याच गल्लीतले आहेत. त्यांच्या घेणाऱ्यांनी पुराचा विचार आधीच करून भाव पाडून घेतला असेल, तर आपण तोच पूर दोनदा कापू. तुलना विश्रामबागेतल्या फ्लॅटशी केली असती तर हे ३.८ लाख पूर्ण वजा करायचे होते. एकच अडचण आहे: पुराची आठवण भावात कायम टिकत नाही. पूर ओसरल्यावर वर्ष-दोन वर्षं भाव दबलेला राहतो, मग चार पावसाळे कोरडे गेले की तो हळूहळू वर येतो. जगात ठिकठिकाणी झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे. म्हणजे दस्त कोणत्या वर्षीचा, याला महत्त्व. २०२० मधला दस्त घाबरलेल्या बाजाराचा, आणि बरीच वर्षं पूर न आल्यावरचा दस्त विसरलेल्या बाजाराचा. दुसऱ्या प्रकारचे दस्त हाताशी असतील तर मी निम्मे तरी वजा करीन. ते शास्त्र नाही, माझा अंदाज आहे. शिवाय कृष्णेवर खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव चर्चेत आहे, तोवर हा आकडा कमी होईल असं कुणी सांगू नये.

सरकारी नकाशात याच गोष्टीला निळी आणि लाल पूररेषा आहे. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित. हे फक्त भीतीपुरतं नाही: निळ्या रेषेच्या आत पडलेल्या इमारतीला उद्या पुनर्विकास करताना अडचण येणार, आणि मग मघाशी काढलेली १७ लाखांची जमीन १७ लाखांची राहत नाही.

एवढं असून गावभागात लोक घर सोडत नाहीत. गणपती मंदिर, हरभट रोड, बाजारपेठ पायी, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. हेही किमतीतच बसलेलं आहे, फक्त अधिकच्या बाजूला. तसं मिरजेला दवाखाने आणि रेल्वे जंक्शन आहे, विश्रामबागेला वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजमुळे भाडेकरू मिळायची ददात नाही, विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालय गेल्यापासून तिकडची वर्दळ वाढली. शामरावनगरात प्रश्न मातीचा: जमीन सखल आणि काळी. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते; पाया नीट खोल नसेल तर भिंतींना तिरक्या भेगा पडतात. तिथे फ्लॅट बघायला जुलैत जा. रस्ता कसा आहे ते कुणी सांगायची गरज पडणार नाही.

कागदांपैकी एकाचं नाव सांगलीत मुद्दाम घ्यावं लागतं, ते म्हणजे गुंठेवारी. शेतजमिनीचे परवानगीशिवाय गुंठे पाडून वसलेल्या वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे. नियमितीकरणाचा दाखला नसेल तर बँका कर्जाला कचरतात, आणि कर्ज मिळत नाही त्या घराला गिऱ्हाईकही मोजकंच. अशा घराचा भाव स्वस्त दिसतो. विकायला निघालात की तोच स्वस्तपणा तुमच्या वाट्याला येतो.

मोबाइलवर पत्ता टाकला की किंमत सांगणारी साधनं हल्ली मिळतात. ती हेच काम हजारो व्यवहारांवर करतात. मोठ्या शहरात, एकसारख्या टॉवरमध्ये ती बऱ्यापैकी जमतात. पण भरपूर आकडे हाताशी असूनही अमेरिकेतल्या झिलो कंपनीला २०२१ मध्ये स्वतः घरं विकत घेऊन विकण्याचा धंदा गुंडाळावा लागला, कारण पुढे भाव काय होतील याचे तिचे अंदाज चुकले. आपल्या गल्लीत वर्षाला दोन व्यवहार होतात आणि त्यातला एक भावाभावांतला. संगणकाला कोपऱ्यावर पाणी किती फुटाला येतं हे माहीत नाही.

तर आपला फ्लॅट: तुलनेने ३१, जमीन-बांधकामाने २७.७, पुराची आठवण पुसट असेल तर तुलनेतून दोन वजा. माझा कौल २८ ते ३१ लाखांच्या पट्ट्यात. एकच नेमका आकडा सांगणाऱ्यापासून जरा जपूनच असावं. बोलणी २८ च्या खालून सुरू करायची, ३१ ला थांबायचं.

संचकार, म्हणजे इसार देऊन करायचा सौद्याचा करार, करण्याआधी रेडी रेकनरचा आकडा काढून ठेवा. समजा तो ३० लाख निघाला आणि सौदा २८ ला ठरला. मुद्रांक शुल्क जास्त आकड्यावर, म्हणजे ३० वर लागेल: महापालिका हद्दीत सहा टक्क्यांनी १.८ लाख, घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट; वर नोंदणी फी ३०,०००. प्राप्तिकराच्या दृष्टीने रेकनर सौद्यापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत वर असलेला चालतो, म्हणून इथे अडचण नाही. सौदा २६ ला झाला असता तर मात्र वरचे ४ लाख घेणाऱ्याचं उत्पन्न समजून त्यावर कर लागला असता. म्हणजे रेकनरच्या फार खाली घासाघीस करून मिळवलेल्या पैशांत सरकारचाही वाटा असतो.

आणि बँक. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ९० टक्के आहे, पण बँक दस्तातली किंमत आणि मूल्यांकनकाराचा आकडा यांतला जो कमी तो धरते. तुम्ही ३१ ला घेतलं आणि मूल्यांकनकाराने २९ लिहिले तर कर्ज फार तर २६.१ लाख. उरलेले ४.९ लाख, मुद्रांक शुल्काचे १.८६ लाख आणि नोंदणीचे ३०,००० मिळून सात लाखांवर रक्कम रोख तयार पाहिजे. म्हणून संचकारात एक ओळ घालून घ्या: कर्ज अमुक रकमेपेक्षा कमी मंजूर झालं तर इसाराचे पैसे परत. मालक कुरकुर करेल. बहुतेक वेळा मान्यही करतो.